संक्रांतीचा काळा कागद

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी डोळे मोठे करायला नकोत. दूधवाला दूध घालायला लागला की मी मापाकडे बघत नाही, मापात बुडालेल्या त्याच्या अंगठ्याकडे बघते. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "हिच्यापुढे देव उभा राहून 'वर माग' म्हणाला, तरी ही विचारील, 'ह्यात तुमचा काय फायदा?'" विचारीन की! का विचारू नये?

आणि त्या काळात तर सगळं गिरगाव माझ्यासारखंच झालं होतं. गोळीबार, संचारबंदी, सगळं होऊन वर्ष लोटलं होतं. मुंबई अजून महाराष्ट्राला मिळाली नव्हती आणि माणूस माणसाशी बोलायच्या आधी मागे वळून बघत होता. आमच्या नाक्यावर पानवाल्याकडे एक गृहस्थ रोज उभे असायचे. हातात वर्तमानपत्र, अंगावर धोतर-सदरा, डोक्याला टोपी, आणि पायात मात्र पॉलिश केलेले जाडजूड बूट. अहो, धोतरावर असले बूट कोण घालतं? चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना बघून "आले, आले" म्हणायची. पण तो झाला पोलिसांचा उघड माणूस. त्याची भीती नव्हती. आपल्यातलं कोण तिकडे जाऊन काय सांगतंय, ही खरी धास्ती होती, आणि ती सगळ्यांच्या मनात होती.

मी तेव्हा आमच्याच चाळीत तळमजल्याच्या खोलीत बालवाडी चालवत होते. शाळेत घालण्याआधीची पोरं. नाक पुसायचं, गाणी म्हणायची, हातांना काहीतरी उद्योग द्यायचा. बालवाडी ज्या संस्थेची, तिच्या मोठ्या बाई विलायतेला जाऊन आल्या आणि येताना माझ्यासाठी एक चित्रांचं पुस्तक घेऊन आल्या. थंडीच्या दिवसांत लहान मुलांकडून पातळ कागदाच्या काय काय सोप्या वस्तू करून घ्याव्यात, त्याचं. मी उघडलं. पहिल्या पानावर बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. पुढे पानं झडलेली झाडं, लोकरीचे हातमोजे, बर्फावर चालणारे पक्षी. मी बाईंना म्हटलं, "बाई, आमच्याकडे खोबरेल बाटलीत गोठलं की थंडी आली म्हणतात. बर्फ पोरांनी बघितलाय तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली. त्याला हातपाय कुठून लावू?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीनं करा." हे त्या खरंच म्हणाल्या की माझी परीक्षा बघत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. पातळ कागद म्हणजे आपला पतंगाचा कागद. भुलेश्वरच्या कागदवाल्याकडून तावाच्या तावांनी आणायचा. पोरांच्या हाती कात्री द्यायची नाही, हातानं फाडायचं. फाडायला सांगितलं की पोरं इतकी खूश होतात, की घरी ज्या गोष्टीसाठी धपाटा बसतो ती इथं शहाणपणाची ठरते! कपट्यांच्या चिमटीत गोळ्या वळायच्या, पुठ्ठ्यावर खळ लावायची, गोळ्या चिकटवायच्या. झाला तिळाचा लाडू, झाली बोरं, झाला हरभऱ्याचा घाटा. खळ मी घरी शिजवायची, नुसत्या मैद्याची. गल्लीतले मंडळवाले गणपतीच्या पताकांना खळ करतात तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे ती टिकते आणि कीड लागत नाही. मी घालत नव्हते, कारण ते विषारी, आणि पोरं बोटं चाटतात. त्यामुळे माझी खळ दुसऱ्या दिवशी आंबायची. उरलेलं पातेलं मी दाराबाहेर ठेवून द्यायची. कुणाला पतंग जोडायचा असेल, कुणाला वहीचं पान, ज्यानं त्यानं न्यावी.

ह्या कागदाची एक खोड आहे. ओल लागली की रंग सुटतो. लाल कागद हाताळला की पोरांची बोटं लाल, हिरवा हाताळला की हिरवी. मला ते सोयीचं होतं. कोण कुठल्या कागदाला शिवलंय, ते बोटं बघून कळायचं. "मी नाही घेतला बाई" म्हणणाऱ्या पोराला मी फक्त म्हणायची, "हात दाखव."

नाताळच्या आधी आन्टी यायची. आन्टी म्हणजे चाळीच्या पाठीमागे लाकडी जिन्याचं छोटं घर आहे ना, तिथली. इथली जुनी ख्रिस्ती. तिच्या पणज्याची म्हणे इथं नारळाची वाडी होती, आमची चाळ उभी राहायच्या कितीतरी आधी. नवरा गेलेला, मूल नाही. बांबूच्या कामट्यांचे चांदणीसारखे तारे करायची, त्यांना पतंगी कागद लावायची, आत दिवा. पोरांना ती लहान तारे शिकवायची. पोरं तिच्यावर जीव टाकायची आणि मी तिच्यावर डोळा ठेवायची. कारण ती आली की माझा कागद कमी व्हायचा.

"आन्टी, त्या ताऱ्यात गुंडाळी कसली?"

"जुनं वर्तमानपत्र हाय गो. मला काय चोर समजतेस?"

"समजत नाही. बघते."

"बघ बघ," म्हणायची आणि खो खो हसायची. तिला माझा राग कधी आला नाही. त्याचंही मला नवल वाटायचं. निर्मळ माणसाला राग यायला हवा, नाही का?

आता आमच्या घरातलं सांगते. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. शांत, टापटिपीचे. नखं दर रविवारी कापणार, सदऱ्याला डाग चालणार नाही. कचेरीत सगळ्यांना ताकीद होती, की चळवळीत कोणी दिसला तर नोकरी गेली म्हणून समजा. गल्लीतली सगळी पुरुषमंडळी सभेला जायची. हे गॅलरीतून बघायचे. माझी त्याला हरकत नव्हती. आम्हाला एक मुलगी, माझ्याच बालवाडीत. माझ्या मानधनात तिच्या परकराची नाडी आली असती, परकर नसता आला. ह्यांची नोकरी म्हणजे आमचं घर होतं.

नाताळ सरला तसे हे बदलले. कचेरीतून येऊन चहा घेता घेता विचारायचे, "मंडळाच्या खोलीत हल्ली कोण कोण बसतं गं?" पूर्वी ह्यांना शेजारच्या बिऱ्हाडात बाळंतपण झालं तरी बारशाच्या घुगऱ्या आल्यावर कळायचं! मग एकदा, "पोस्टर कोण लिहितं? अक्षर चांगलं आहे." गॅलरीत उभे राहून खालच्या माणसांकडे बघत बसायचे. मी मनात म्हटलं, पाणी मुरतंय कुठंतरी. हे चळवळीत ओढले जातायत. शांत माणसं अशीच एक दिवस उठतात आणि घरदार उघड्यावर टाकून चालू लागतात. मुंबई महाराष्ट्रात यायची तेव्हा येवो, मला आनंदच होता. पण तिच्यासाठी माझ्या घरातला माणूस तुरुंगात जायला नको होता. स्वार्थी म्हणा. मी म्हणवून घेईन.

पौष लागला. संक्रांतीला मी पोरांकडून काळा कागद वापरून घेते. हाच एक सण, ज्यात काळं चालतं. नाहीतर आपल्यात शुभकार्याला काळी टिकलीसुद्धा लावत नाहीत. काळ्या पतंगी कागदाचं छोटं झबलं, चिमुकली चंद्रकळा, आणि त्यावर पांढऱ्या कागदाच्या गोळ्या चिकटवल्या की झाले हलव्याचे दागिने. पोरं जीव ओतून करतात. त्यासाठी मी काळे ताव नाताळच्या आधीच मुद्दाम जास्त आणून पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवले होते. किल्ली वर आमच्या घरात खुंटीला.

एके दिवशी पेटी उघडते तर काळा कागद निम्मासुद्धा नाही! लाल होता, पिवळा होता, पांढरा जसाच्या तसा. काळाच तेवढा गेलेला. मी मटकन खाली बसले. काळा कागद कशाला लागतो, हे त्या दिवसांत पाळण्यातलं पोरही सांगू शकलं असतं. कुणी बडे पाहुणे आमच्या रस्त्यावरून मोटारीनं जाणार, अशी कुणकुण गल्लीत होतीच, आणि असल्या पाहुण्यांचं स्वागत कुठल्या रंगानं होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

आन्टीचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण नाताळ होऊन गेलेला, आणि काळा तारा कोण करतं? शिवाय ती बिचारी चर्च आणि घर, ह्यापलीकडे कुठं जायची नाही. राहिली किल्ली. किल्ली माझ्या घरात. घरात माणसं तीन, त्यातलं एक माझ्या कमरेएवढंही नाही.

मी कुणाजवळ बोलले नाही. चाळीत नाही, मोठ्या बाईंजवळ नाही, आन्टीजवळ नाही. फक्त ह्यांना सांगितलं, तेसुद्धा त्यांचा चेहरा बघायला. जेवायला वाढता वाढता म्हटलं, "अहो, पेटीतला काळा कागद कुणीतरी नेलाय."

ह्यांचा घास हातात राहिला. "काळा?"

"काळाच."

"किती?"

"बराच."

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस," हे म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले. माझी खात्रीच पटली. मला त्या क्षणी ह्यांची इतकी माया आली आणि इतका राग आला, की आमटीचं पातेलं मी दाणकन आपटलं.

भोगीच्या दिवशी सकाळी पाणी भरायला उठले तर खालून आरडाओरडा. गॅलरीत येऊन बघते, तर गल्लीच्या तोंडापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत, ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत, काळ्या पताका! गणपतीत लावतो तशाच, सुतळीवर ओळीनं चिकटवलेल्या, वाऱ्यावर फडफडतायत. लोक खाली उभे राहून माना वर करून बघत होते. कुणी मोठ्यानं हसत होतं, कुणी "शाब्बास रे" म्हणत होतं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारत होता, "तुम्ही का?" "छे, मला वाटलं तुम्ही."

आमच्या गॅलरीच्या कठड्याला एक टोक बांधलेलं होतं. मी हळूच एक पताका ओढून नाकाशी नेली. आंबूस वास. मोरचूद नाही, नुसता मैदा. माझीच खळ, माझाच कागद. मागे वळले तर हे कपडे करून उभे. पताकेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा फटक. "जरा जाऊन येतो," म्हणाले आणि चहा न घेता गेले. घटकाभरानं परत आले आणि कचेरीत न जाता कॉटवर पडले. म्हणे डोकं दुखतंय. लग्न झाल्यापासून ह्या माणसाचं कचेरीच्या दिवशी कधी डोकं दुखलेलं मला ठाऊक नव्हतं.

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. पोलीस येणार, हे उघड होतं. येणार, आणि काय बघणार? जे मी पोरांचं बघते तेच. हात! पतंगी कागद आणि ओली खळ ज्यानं हाताळली, त्याची बोटं सांगणार. ह्यांचे हात मला धड दिसत नव्हते, पांघरुणात होते.

मग मी काय केलं, तर पदर खोचला आणि खाली बालवाडी उघडली. उरलेला काळा कागद सगळा बाहेर काढला, परातभर खळ शिजवली, आणि पोरांना बिऱ्हाडाबिऱ्हाडातून पिटाळलं. "जा, आईला बोलवा, आजीला बोलवा, आजोबांना बोलवा. उद्याची तयारी आहे, हात कमी पडतायत म्हणावं." चाळीतल्या बायका मला ओळखून होत्या. मी आयुष्यात कधी कुणाला कशाला बोलावलेलं नव्हतं. आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, परातीकडे बघितलं आणि एक शब्द न विचारता मांडी घालून बसल्या. एकीनं सरळ दोन्ही पंजे काळ्या कागदाच्या ओल्या चोथ्यात घातले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, मंडळातली दोघं-चौघं बाप्येही आले. आन्टी मागच्या दारानं आली आणि पोरांमध्ये घुसून बसली. पोरांचा तर सोहळाच! इतके मोठे लोक आपल्याबरोबर कागद फाडतायत, हे त्यांना खरंच वाटेना.

मी वर जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, खाली चला. जरा खळ ढवळा."

"मला नको."

"सगळी चाळ बसलीय."

"सदरा खराब होईल."

"काढून ठेवा सदरा!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्हाला कळत कसं नाही? हात घाला खळीत!"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी दुसऱ्याच भाषेत बोलतेय. पण उठले, खाली आले आणि दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. हात पाठीमागे. मी म्हटलं, संपलं. ह्यांचे हात काळे आहेत आणि हा शहाणा माणूस ते लपवतोय.

आजोबा कागद चुरगळत मोठ्यानं म्हणाले, "पताका लावणारा जो असेल तो असो, वाघ आहे. पण ह्या चाळीत घरभेदी आहे बरं का कुणीतरी. जपून राहा."

पोलीस आलेच. साहेब कुणीतरी मुंबईबाहेरचा, हिंदी बोलणारा. बरोबर पोट सुटलेला आपल्याकडचा हवालदार. दोघं दुसरीकडे कुठं गेले नाहीत, नाक्यावर चौकशी केली नाही, मंडळाच्या खोलीकडे बघितलं नाही. सरळ माझ्या दारात.

"बालवाडी की बाई कौन?"

"मी."

"आपका काला कागज गायब हुआ है. पेटी में से."

"कोण म्हणतं?"

"हमको मालूम है." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "सब लोग हाथ दिखाओ."

सगळ्यांनी हात पुढे केले. पोरांचे, आयांचे, आजोबांचे, माझे. काळेकुट्ट! कोपरापर्यंत ओघळ. एका पोराच्या गालावर, एकाच्या जिभेवर. साहेबाला समजेना. "ये क्या है?"

हवालदार पुढे झाला. "साहेब, उद्या संक्रांत हाय. संक्रांतीला काळं असतंय."

"त्योहार में काला?"

"व्हय साहेब. ह्याच एका सणाला. माझ्या घरी बी मंडळी उद्या काळंच नेसणार."

साहेबाला ते पटलं नाही. त्यानं समोरचं कागदी झबलं उचलून उजेडात धरलं. आमची मुलगी तिथंच होती. ती उठून किंचाळली, "माझं आहे ते! ओलं आहे! हात लावू नका!" त्यानं झबलं घाईघाईनं खाली ठेवलं आणि आपली बोटं बघितली. तीही काळी. हवालदार छताकडे बघायला लागला. एक बाई पदर तोंडाशी नेऊन खुसखुसली.

मला हसू येत नव्हतं. माझं सगळं लक्ष दाराकडे. साहेब दाराशी पोचला, ह्यांच्यासमोर आला. ह्यांनी हात पुढे केले. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. हात पांढरे स्वच्छ! नखं कापलेली, कडेला रेघसुद्धा नाही. देवा गजानना, हे नव्हेत! आणि तेवढ्यात मला दिसलं, की साहेबानं ते हात बघितलेच नाहीत. सगळ्या खोलीत तेवढे दोन हात पांढरे होते, आणि तो त्यांच्याकडे नजरही न टाकता, ह्यांच्या खांद्याला किंचित बाजूला सारून, बाहेर निघून गेला.

पोलीस गेल्यावर सगळी मंडळी मोरीवर हात धुवायला धावली. रंग ताजा होता. साबणाच्या एका हातात बराचसा उतरला. उतरला नाही तो आन्टीचा. ती घासत होती, घासत होती, आणि नखांच्या मुळाशी काळं तसंच. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले.

"आन्टी, हे आजचं नव्हे."

"नव्हे," ती म्हणाली. "परवापासून लावतेय. रॉकेलनं पन जात नाय मेलं."

"माझ्या पेटीतला कागद?"

"तू पेटी उघडून पोरांच्या मागं धावायचीस. एकेक ताव ताऱ्यात गुंडाळून न्यायची मी. मागितला असता तर दिला असतास?"

"नसता दिला."

"मग?" ती हसली. "एकटीनंच केलं सगळं, रात्रीची. बांधायला मंडळातली पोरं आली, ती बांधून गेली, बस्. मुंबई तुमचीच हाय काय गो? आमी तर तुमच्याआधीचे."

मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण ओल्या हातांनी कशी मारणार? मी तिच्या पाठीवर कोपर टेकवलं आणि तशीच बसले. इतक्या वर्षांत मी तिच्यावर घेतलेला एकूणएक संशय बरोबर होता, ह्याचाही मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! आणि सगळ्यात मोठा आनंद हा, की ह्यांचा त्यात हात नव्हता. घर वाचलं.

तो आनंद जिना चढेपर्यंत टिकला. पहिल्या वळणावर मी कठडा धरून उभी राहिले. 'आपका काला कागज गायब हुआ है. पेटी में से.' हे मी कुणाला सांगितलं होतं? पेटीतून, हे कुणाला माहीत होतं?

वर आले. भोगीचा स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता. ह्यांचं पान वाढलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोणी. मुलगी खाली आन्टीकडे होती. हे जेवायला बसले. मी समोर बसले.

"पोलिसांना कागदाचं तुम्ही सांगितलंत?"

ह्यांनी भाकरी मोडली. म्हणाले, "मी कुणाचं नाव दिलं नाही."

"म्हणजे सांगितलंत."

"कचेरीत साहेबांनी बोलावलं होतं. तुमच्या चाळीत काय चालतं ते कळवत जा म्हणाले. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. आज सकाळी त्या पताका बघितल्यावर काहीतरी सांगणं भागच होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, की बालवाडीच्या पेटीतला कागद गेलाय. नाव नाही दिलं गं कुणाचं."

"पेटी माझी, किल्ली माझी, खळ माझी. आणखी नाव कशाला हवं?"

ह्यांनी लोणी भाकरीवर पसरायला घेतलं.

"सबंध चाळीचे हात मी काळे करून घेतले आज," मी म्हटलं. "कुणासाठी, ठाऊक आहे? तुमच्यासाठी. मला वाटलं, पताका तुम्ही केल्यात."

ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मी?" म्हणाले. "मला तर वाटलं, तू केल्यास. कागद हरवला म्हणून आधीच माझ्या कानावर घालून ठेवलंस, म्हणजे पुढे तुझ्यावर येऊ नये."

"पताका मी केल्या, असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"सकाळी बाहेर पडलात तेव्हा?"

"हो."

"आणि तरी जाऊन सांगितलंत?"

ह्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि पाणी मागितलं. तांब्या त्यांच्या हाताशीच होता.